देवमाशाचे चार महिने

आबा,

आज नववीला देवमासा शिकवला. एका तासात संपणारा धडा मी दोन तास लांबवला, कारण त्यातला अर्धा तुझा होता, आणि तो गाळावा की ठेवावा हे फळ्यासमोर उभी राहीपर्यंत माझं ठरत नव्हतं. तुला जाऊन आता वीस वर्षं होतील. तू होतास तेव्हा तुझ्याशी भांडायला माझ्याकडे कारण नव्हतं, आणि कारण मिळालं तेव्हा तू नव्हतास. हे काही बरं केलं नाहीस. आई शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत बसली आहे. तिला वाटतंय मी पेपर तपासते आहे. तिला सांगून हे लिहिता येणार नाही, कारण ती म्हणेल, आता कशाला, आणि तिच्या त्या 'आता कशाला'चाही मला राग आहे.

कडावच्या घरातली चूल आठवते का तुला? दसरा होऊन गेलेला आहे, तू कालच आला आहेस. आई तव्यावर सुका जवळा भाजते आहे आणि त्याचा वास ओटीपर्यंत गेला आहे. तू पाटावर, पुढ्यात पेजेचा वाडगा. मी तुझ्यासमोर, जितकं जवळ बसता येईल तितकी जवळ. "बघ गं," तू म्हणतोस, "देवमासा असा जेवतो." आणि पेजेचा मोठा घोट तोंडात घेऊन गाल फुगवतोस, ओठ मिटतोस आणि त्या तुझ्या झुपकेदार मिशांमधून नुसतं पाणी वाडग्यात परत सोडतोस. मग जीभ काढून दाखवतोस. जिभेवर फक्त शितं. आई म्हणते, "अन्नाशी कसला ख्योळ हा," पण हसत असते. तू मला समजावून सांगतोस, "त्याला दात नाय. टाळ्याला दोनी अंगाला मिशाच मिशा, केरसुन्या टांगल्यावानी. खोलीभर पानी त्वांडात घेतो, जिभंनं भायेर लोटतो, आन जवळा आत ऱ्हातो." मी विचारते, एवढा थोरला आणि खातो काय तर जवळा? "जवळाच. आपल्याच जवळ्याचा भाऊ, बोटायेवढा आन लालभडक. शेतंच्या शेतं भरावीत येवढा असतो एका जागी, पानी लाल दिसतं. एकाचं पोट फाडलं तवा गाडीभर निघाला, म्या डोळ्यांनी बघितला."

तू मला काय काय सांगितलंस. की तुझं जहाज जायचं त्या दक्षिणेच्या बर्फाच्या समुद्रात चूल एकच आहे आणि सगळे तिच्यावरच जेवतात, देवमासे, सील, पेंग्विन, पांढरे पक्षी, सगळ्यांचं जेवण तो जवळा. की जहाजाने ढकललेला बर्फाचा तुकडा उलटला की त्याचं पोट पिवळं-तपकिरी दिसतं, न घासलेल्या भांड्यासारखं. की तुमचं जहाज देवमासे मारणारं नव्हतं, मारणाऱ्यांना इंधन पुरवून त्यांचं तेल भरून आणणारं होतं, आणि हे तू दरवेळी आवर्जून सांगायचास, जणू मी तुझी उलटतपासणी घेणार होते. आणि की देवमासा वर्षातले चारच महिने जेवतो. ते ऐकून मला वाईट वाटलं होतं. "मंग आठ म्हैने?" "आठ म्हैने उपाशी. अंगावरच्या चरबीवर काढतो. ऊन पान्याकडं जातो. माद्या तिथं बाळंत व्हतात, पोरांना दूध पाजतात, सोता एक घास खाईत नाय." मग मी विचारलं ते मला लख्ख आठवतं, कारण मी फक्त विचारायचं म्हणून विचारलं होतं. "कुठले चार म्हैने, आबा?" तू वाडगा खाली ठेवलास. मिशा पुसल्यास. म्हणालास, "पावसाचे. जेठापासून भादव्यापतुर. म्हून तर मला पावसात जावं लागतंय." चुलीपाशी आईच्या उलथण्याचा आवाज थांबला. त्या दिवशी जवळा करपला आणि तू तो मुकाट्याने खाल्लास.

तू आलास की आई तुझ्या पायांना करंजाचं तेल लावायची. पायांच्या बोटांच्या बेचक्यांमध्ये कातडी पांढरी पडून फाटलेली असायची. तू म्हणायचास, "खाऱ्या पान्यानं व्हतंय, चोवीस घंटे डेक वला." मला त्या खाऱ्या पाण्याचा केवढा अभिमान. आबा, त्याच वेळी मी तुझ्या शेजारी पाय पसरून बसलेली असायचे आणि आई त्याच वाटीतलं तेल माझ्याही बोटांना लावायची, कारण मलाही तेच झालेलं असायचं. माझ्या त्या दुखण्याला सगळे चिखल्या म्हणायचे. लावणीपासून नवरात्रापर्यंत भाताच्या चिखलात राबलेल्या कुणाच्याही पायाला होतात त्या चिखल्या. चार पाय एका ओळीत, चारही एकसारखे, आणि मी शेंबडी पोर मनात म्हणायची, माझ्या चिखलाच्या, माझ्या आबाच्या समुद्राच्या. लहान मूलही हसेल असा मूर्खपणा. पण मी केला, आणि वर्षानुवर्षं केला.

तुझ्या त्या चार महिन्यांत आपल्या घरी काय चालायचं तेही ऐक. आई शेजारणींशी सावड करायची, आज त्यांच्या शेतात, उद्या आपल्या. मी पाचवीत असल्यापासून रोपांच्या जुड्या तिच्या हाताशी फेकायचे. नांगराला मामा यायचा आणि नांगर सोडला की एकही शब्द न बोलता जायचा. बाया विचारायच्या, "कारभारी कवा येनार गं?" आणि आई म्हणायची, "दसऱ्याला." त्यांच्यातल्या दोघी एकमेकींकडे बघायच्या. ते मी बघायचे आणि समजायचे की त्यांना हेवा वाटतो. मग मीच मोठ्याने सांगायचे की आबा बर्फाच्या समुद्रात गेलाय, तिथे आता जवळा आलाय. शाळेत मला 'देवमाशाची पोर' म्हणायचे. मी ते नाव पदकासारखं मिरवलं. तू आलास की तुझ्याकडे एकच मागायचे, देवमाशाची एक मिशी. तू दरवेळी म्हणायचास, "पुढल्या ख्येपेला नक्की आनतो." एकदा मी रडले तेव्हा शपथ घेतलीस, माझ्या डोक्यावर हात ठेवून. मी पुढच्या दसऱ्याला दुपारपासून वाटेवर जाऊन बसले होते. तू खांद्यावर घोंगडी टाकून आलास आणि माझ्यासाठी काकडी आणलीस. पावसाळी काकडी, पाण्याने जड झालेली. ती खाताना मला विचारसुद्धा आला नाही की बर्फावर काकडी कुठे पिकते.

मी नववीत असताना माघात तू काविळीने गेलास. तुला नदीवर नेलं तेव्हा अंगणाच्या कडेला, आंब्याखाली एक बाई येऊन उभी होती. पदर तोंडाला लावलेला, पाय धुळीने माखलेले. आईने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "त्या बाईला द्येऊन ये." मी विचारलं कोण आहे. "आबाच्या जहाजावरच्या सोबत्याची बायको." मी पाणी दिलं. तिने माझ्याकडे खूप वेळ बघितलं आणि तांब्या रिकामा करून परत दिला. मला वाटलं, केवढं तुझं नाव, कुठून कुठून माणसं आली.

पुढचं तुला माहीत नाही. मी पुण्याला कॉलेजात गेले, हॉस्टेलला राहिले, प्राणिशास्त्र घेतलं. दुसरं काही घ्यायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या वर्षी सरांनी सागरी प्राण्यांची अन्नसाखळी शिकवायला घेतली आणि विचारलं, मिशीवाल्या देवमाशांबद्दल कुणाला काही ठाऊक आहे का. मी उभी राहिले. आबा, मी दहा मिनिटं बोलले. चूल, जवळा, पेज, सगळं. सर खिडकीला टेकून ऐकत होते. शेवटी मी म्हटलं की हे सगळं खाणं जून ते सप्टेंबर होतं, कारण त्याच महिन्यांत माझे वडील तिथे असायचे. सर हसले, पण दुष्टपणाने नाही. म्हणाले, "अगं, जूनमध्ये तिथे कडक हिवाळा असतो. आतल्या भागात तर सूर्यसुद्धा उगवत नाही. समुद्र गोठतो. जहाजं तोवर परतलेली असतात आणि देवमासेही बहुतेक निघून गेलेले असतात. त्यांचे खायचे महिने डिसेंबर ते मार्च." मी म्हटलं, माझे वडील होते ना तिथे. मागून कुणीतरी म्हणालं, "दुसऱ्या कुठल्यातरी देवमाशाकडे गेले असतील." सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण मला विनोद कळला नव्हता.

त्यानंतर आठवडाभर मी ग्रंथालयात बसले. तुला खरं ठरवायला बसले होते, हे लक्षात घे. इंग्रजी माझं यथातथाच, शब्दकोश मांडीवर. आणि पानामागून पान तू खरा निघत होतास. लाल झालेलं पाणी खरं. एकच चूल खरी. उलटलेल्या बर्फाचं पिवळं पोट, ते तर असं खरं की मला पुस्तकावर डोकं टेकून बसावं लागलं. ते शेवाळ असतं, बर्फाच्या खालच्या अंगाला वाढतं, आणि हिवाळ्यात त्या जवळ्याची पिल्लं तेच खरवडून जगतात. बर्फ वितळला की उन्हात सगळं पाणी हिरवं होतं, त्यावर जवळा माजतो, आणि त्या जवळ्यावर देवमासे येतात. तुला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, तरी तू बघितलेलं सगळं बरोबर होतं. उपाशी बाळंतिणीसुद्धा खऱ्या. चूक फक्त महिन्यांची. तुझ्याएवढ्या बारीक नजरेचा माणूस तिथे असताना उन्हाळा की हिवाळा हे विसरेल का? चुकीने झालेली चूक नव्हती ती. तू देवमाशाचे महिने उचलून पावसाळ्यात आणून ठेवलेस, कारण तुला तुझे स्वतःचे चार महिने झाकायचे होते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले. आई अंगणात वाळत घातलेलं भात पायाने परतत होती, इकडून तिकडे, सरळ ओळींत. मी पायरीवर बसून विचारलं, "आये, आबा पावसात कुठं जायचा?" तिचे पाय थांबले नाहीत. "खालापुराकडं. लावनीला." मीठ आणायला गेला होता म्हणावं तसं म्हणाली. मग ओळीच्या टोकाला जाऊन वळली आणि सगळं सांगितलं, येरझारा घालत, जवळ आली की दोन वाक्यं, लांब गेली की गप्प. जहाजावर तू एकदाच गेला होतास. दिवाळी करून गेलास, शिमगा झाल्यावर आलास, तेव्हा मी पोटात होते. पाताळगंगेच्या काठचा एक सोबती परतीच्या वाटेवर तापाने मेला आणि त्याची ट्रंक त्याच्या घरी पोचवायला तू गेलास. घरात पुरुष माणूस नाही, शेत पडून. त्या वर्षी लावणी करून दिलीस. दुसऱ्या वर्षीही गेलास. "मंग जातच ऱ्हायला."

"तुला कवा कळलं?"

"पयल्याच दसऱ्याला. पाय बघितलं ना. जहाजावं कुठला गं चिखोल?"

मी तिच्यावर ओरडले. मी म्हटलं, सगळ्या गावाला ठाऊक होतं, मामाला, लावणीच्या बायांना, आणि तू माझ्यासमोर त्याच्या पायाला तेल लावत होतीस. का नाही बोललीस? तेव्हा ती थांबली. वाकून पायाला चिकटलेले दाणे काढले आणि परत भातात टाकले. "तू समोर बसायचीस, त्वांड उघडं टाकून. म्या बोलले असते तर तुजं त्वांड मिटलं असतं. मंग त्या मानसाकडं घरात बघायला राहिलं काय असतं?" मग पुन्हा भात परतायला लागली आणि म्हणाली, "आन आठ म्हैने तरी येतच व्हता." हे ती असं म्हणाली की मला तुझ्यापेक्षा तिची चीड आली. तुमची दोघांची ती आठ महिन्यांची तडजोड माझ्या वेडेपणावर उभी होती, आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आईला न सांगता खालापूरची एसटी धरली आणि पुढे नदीच्या कडेने घर विचारत चालत गेले. कडावपासून एका दिवसात जाऊन येता येतं, आबा. मला वाटत होतं तू पृथ्वीच्या बुडाशी गेला आहेस. मी पाण्याचा तांब्या दिलेली तीच बाई पडवीत जात्यावर दळत होती. वर बघून म्हणाली, "कडावची ना तू? डोळं त्येंचंच. बस." तिचा चेहरा शांत होता. ठरवून गेलेलं सगळं सोडून मी एवढंच विचारलं, ते तुम्हाला देवमाशाचं सांगायचे का. तिला कळलंच नाही. "कसला मासा? ते लई कमी बोलायचे, बाय. सकाळी शेतावं, सांजच्याला ओटीवं. जहाजाचं इचारलं तर म्हनायचे, पानीच पानी, त्यात काय सांगायचं." तिला तुझे हात मिळाले आणि मला तुझी बडबड. आईला काय मिळालं ते तू सांग. देवमासा तू फक्त मला दिला होतास, हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून इतका संताप आला की मी मान खाली घातली. तेव्हा मला दिसलं की ती जात्याभोवतीचं पीठ कशाने गोळा करते आहे. हातभर लांबीची, काळी, शिंगासारखी पट्टी, आणि एका कडेला राठ केसांची दाट झालर. पुस्तकात देवमाशाच्या चित्रात बघितलेली. मी विचारलं हा कुंचा कसला. "घोड्याच्या केसांचा हाय म्हनं. पयल्या साली त्येंनीच आनला. पिठाला लई बरा."

म्हणजे तू आणली होतीस. एकच आणली होतीस आणि ती इथे पीठ झाडत होती. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस तेव्हाही ती इथे होती. तू रोज तिच्यावरून ये-जा करत असशील. एका वर्षी घोंगडीत गुंडाळून आणता आली नसती का तुला? त्या घराला साधा कुंचा चालला असता. बाकीचं मी तुला कधीतरी माफ करीन असं वाटतं, त्या मेलेल्या सोबत्याचं शेत पडून होतं, तुझं मन गुंतलं, होतं माणसाचं. पण ही मिशी माझ्या घशाखाली उतरत नाही. घरात दुसऱ्या बाईचा उल्लेख झाला की माझ्या डोळ्यांसमोर ती बाई येत नाही, पिठात माखलेली ती काळी पट्टी येते.

आता या वर्षांत आपल्या देशाचीही माणसं जहाजाने दक्षिणेच्या त्या बर्फात जाऊन येतात, रेडिओवर ऐकते. डिसेंबरच्या सुमाराला निघतात, मार्चला परततात. बातमी लागली की आई रेडिओ बंद करते. म्हणून आज वर्गात मी पहिल्यांदा महिने लिहिले, फळ्याच्या मधोमध, ठळक, डिसेंबर ते मार्च, आणि मुलींना ते तीनदा म्हणायला लावले. मग तुझी चूल सांगितली, उलटलेला बर्फ सांगितला. पेज नव्हती म्हणून पाणी तोंडात घेऊन दाखवलं आणि साडीवर सांडून घेतलं. पोरी हसून लोळल्या.

एक गोष्ट आईलासुद्धा सांगितलेली नाही. त्या दिवशी ती बाई चहाला म्हणून आत गेली आणि मी ती मिशी पिशवीत टाकून निघाले. चहासाठी थांबले नाही, आणि मागूनही कुणी हाक मारली नाही. ती माझ्या ट्रंकेत तळाशी होती इतकी वर्षं. आज मी ती वर्गात नेली आणि बाकांवरून फिरवली. केसांच्या मुळाशी अजून पीठ आहे. पहिल्या बाकावरच्या मुलीने ते नखाने खरवडून बघितलं आणि विचारलं, "बाई, ही कुनी दिली तुमाला?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. दक्षिणेच्या समुद्रातून, खास माझ्यासाठी आणली, शपथ घेतली होती त्यांनी. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सगळा वर्ग तोंड उघडं टाकून ऐकत होता, आबा, आणि मी पुढे सांगतच गेले.